नडगीचं विचारणार नव्हते

दहिवडी, मंगळवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

आजीचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. काल वॉकर धरून परसदारापर्यंत गेली आणि वर मलाच म्हणाली, "पोराची शर्यत टाकून तू कशाला आलीस?" शनिवारी तू तिकडे अमेरिकेत, पिओरियाला डेटवायलर पार्कात क्रॉस-कंट्री धावशील तेव्हा इथं मध्यरात्र असेल. मी ओसरीवर फोन घेऊन बसणार.

पत्रात पायाचं काढायचं नाही, असा बाबांना शब्द दिलाय. म्हणून नाही काढत.

शाळेकडून धावणाऱ्या सातजणांत तुझं नाव लागलं हे कळलं तेव्हा मी एसटी स्टँडवर चहाचे पैसे न देताच चालू लागले होते! एल्महर्स्टला आलो तेव्हा यॉर्क हायस्कूल म्हणजे मला नुसती घराजवळची, बिनफीची सरकारी शाळा. मग ऑगस्टच्या उन्हात प्रेअरी पाथवर पोरांची रांग संपता संपेना, तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, कसला मोर्चा आहे? शाळेच्या धावण्याच्या संघाचे जुने कोच न्यूटन सर, त्यांचं तूच सांगितलंस. 1962 सालचं पहिलं राज्य विजेतेपद, मग होता होता 28. मला आकडे राहत नाहीत. राहिलं ते एवढंच, की येईल त्या पोराला ते संघात घ्यायचे आणि सराव संपला की प्रत्येकाशी हात मिळवूनच घरी सोडायचे. 2017 मध्ये गेले ते. असा माणूस हात हातात घेतला की ओळखत असेल ना, पोराला कुठं दुखतंय?

बघ, आलेच पायावर.

रात्री अकराला बाथरूमचं दार लावून तू नडगीला बर्फ लावत होतास. विचारलं तर म्हणालास, क्रँप आहे. क्रँप पोटरीत येतो रे, हाडावर नाही. हाडाला बारीक चीर असली तर तीन मैलांत ती मोठी होऊ शकते. आणि संघातल्या पहिल्या पाचांचेच क्रमांक बेरजेत धरतात, म्हणजे तू मध्येच लंगडलास तर बेरीज सगळ्यांचीच बिघडणार. तुमच्या आठव्या मुलानंही उन्हाळाभर घाम गाळलाय.

झालं भाषण. विमानतळावरही असंच बोलले, चारचौघांत. चुकलंच माझं.

इथून ललिता बाबरचं गाव मोही जवळच. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल धावली, दहावी आली. आजी अजून "आपल्या माणातली पोर" म्हणते, जशी काही हिनेच वाढवली. त्यावरून काल माझी तालुक्याची स्पर्धा निघाली. दुसरी आले होते, हे तुला शंभरदा सांगितलंय. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, हे नाही सांगितलं. आई सोडणार नाही म्हणून दोन दिवस चवड्यावर चालले, तशीच अनवाणी धावले. मग पाय पिकला. दादानं पाठुंगळी मारून दवाखान्यात नेलं, पंधरा दिवस शाळा बुडाली.

काल आजी म्हणाली, "मला ठाऊक होतं. चालण्यावरनं कळलं होतं."

मग अडवलं का नाही, विचारलं. तिनं चहा मागितला.

रात्रभर मला झोप नाही. बाबांना पिठलं जमतं, शुक्रवारी तेच खा, बाहेरचं नको. हे पत्र स्वतः वाच, त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस. आणि फोन केलास की वेळबिळ नंतर सांग. आधी सांग, चवड्यावर चालतोयस का?

तुझी,
आई