‘पिंजरा’त दोष चंद्रकलेचा कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ या तमाशावरच्या सिनेमाबद्दलचा लेख सकाळी वाचला आणि रात्री सुनेला घेऊन सिनेमा पुन्हा पाहायला बसले. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सातवीत होते. जत्रेतला तंबू, जमिनीवर बैठक, शेजारी चुलती. मास्तर फासावर जायला निघाले तेव्हा आम्ही दोघी एकाच पदराला डोळे पुसत होतो. इतकी वर्षं मी तो मराठीतला सगळ्यात मोठा सिनेमा मानत आले. काल रात्री तसं वाटलं नाही आणि लेखातलं ‘काळाच्या पुढचा’ हे विशेषण तर मुळीच पटलं नाही.

गाण्यांबद्दल माझी तक्रार नाही. ‘दिसला गं बाई दिसला’ सुरू झालं की आजही हातातलं काम थांबतं. पण पानभर लेखात संगीतकार राम कदम आणि गीतकार जगदीश खेबुडकर ही दोन नावं एकदाही येऊ नयेत? ही चूक कृपया दुरुस्त करावी. मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंचं कामही तसंच उभं आहे. हातात तुणतुणं आलेला तो मोडलेला माणूस बघवत नाही.

खटकली ती गोष्ट. मास्तर चंद्रकलेच्या तमाशाच्या फडाला गावाबाहेर घालवतात आणि आपण मास्तरांच्या बाजूने असतो. पण सुपारी, म्हणजे ठरलेला खेळ, मोडली की त्या फडातल्या पोराबाळांनी त्या दिवशी काय खायचं, हे सिनेमा विचारत नाही. पुढे मास्तर चंद्रकलेच्या नादी लागतात तेव्हा सून म्हणाली, ‘आई, ते स्वतःच्या पायांनी गेले ना? मग पाप तिचं कसं?’ मला उत्तर देता आलं नाही. शेवटी तर गावाने मेले असं मानलेले मास्तर स्वतःच्याच खुनासाठी फाशी पत्करतात, का, तर गावाच्या मनातला आदर्श ढळू नये. सातवीत मला तो त्याग वाटला होता. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर तो त्याग वाटत नाही. ज्या गावाला आपल्या मास्तरांबद्दलचं खरं पेलत नाही, त्या गावाला मास्तरांनी शिकवलं तरी काय?

हे मी एका मुलीमुळे लिहिते आहे. १९८९ साली माझ्या तिसरीच्या वर्गात फडात नाचणाऱ्या बाईची मुलगी आली. आई सीझनला बाहेर, म्हणून ती आजीकडे राहायला आली होती. हा सिनेमा तेव्हा गावात व्हिडिओवर दाखवून झाला होता. सातवीची पोरं तिला पाहिलं की ओरडायची, ‘मास्तरच्या हातात तुणतुणं देणारी आली!’ आठ दिवसांत तिने शाळा सोडली. मुख्याध्यापक म्हणाले, बरं झालं, वर्गाला वळण राहील. मी त्यांच्यासमोर गप्प बसले, ते अजून सलतं. संध्याकाळी तिच्या घरी गेले तर आजी म्हणाली, ‘बाई, पाढं घरीच शिकवा तिला.’ दोन महिने माझ्या ओट्यावर शिकवलं. बोटांनी फरशीवर ताल धरून ती एकोणीसचा पाढा न अडखळता म्हणायची. मग आई आली आणि तिला घेऊन गेली. पुढे तिचं काय झालं, मला कळलं नाही.

त्या पोरांना ते वाक्य कुणी शिकवलं होतं? घरात कुणी नाही, शाळेत कुणी नाही. पडद्यावरून उचललं होतं.

याच मातीत तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर होऊन गेल्या. पोटुशी असताना त्या बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, नाचत होत्या, बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. तमाशातल्या बाईचं आयुष्य हे असतं. मास्तरांना बिघडवायला तिला सवड कुठली?

तुमच्या लेखकाने मास्तरांचा त्याग, दिग्दर्शकाची दृष्टी, रंग, कॅमेरा सगळ्यावर लिहिलं. चंद्रकलेवर तीन ओळी, त्यातही ‘मोहिनी’ हा शब्द दोनदा. गुढीपाडव्याच्या आधी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक तिथे सुपाऱ्या द्यायला येतात. पुढचा लेख लिहिण्याआधी त्यांनी एक दिवस तिथे जावं आणि राहुटीतल्या बायकांना हा सिनेमा कसा वाटतो ते विचारावं. त्या जे सांगतील ते छापावं, कात्री न लावता.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा