ओजू आता गवतावर चालतो

बेळगाव,
12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहोत. रोज फोनवर बोलतो तरी पत्र लिहिते आहे, कारण माझ्या नोकरीचा विषय फोनवर काढला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात. आईच्या डोळ्याला अजून चष्म्याचा नंबर मिळालेला नाही, तेव्हा बाबा, तुम्हीच मोठ्यानं वाचा आणि मधलं काही गाळू नका.

मी नोकरी सोडली. खंडेनवमी हा शेवटचा दिवस. टेबलाला झेंडूची माळ घातली, कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, सगळ्यांना पेढे दिले आणि घरी आले. कुणाशी भांडण नाही, कुणी काढलं नाही, घरात तर कुणीच काही बोललेलं नाही. हे आधी सांगते, कारण आईच्या मनात पहिलं तेच येणार.

बाबा, तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात त्या भट्टीशेजारी तुम्ही इतकी वर्षं उभे राहिलात ते मी टेबल-खुर्चीवर बसावं म्हणूनच. माझ्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी आईनं काय मोडलं तेही मी विसरले नाही. राजीनामा लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तुमचा तो खंडेनवमीचा लेथ होता, धुऊनपुसून, तेल लावून, वर माळ घातलेला, आणि त्याच्यापुढे नवा फ्रॉक घालून उभी असलेली मी. दोन रात्री झोप लागली नाही. पण निर्णय झाला आहे आणि तो मागे घ्यायचा नाही, म्हणून आता सगळं कारण सांगते.

श्रावणात एका रविवारी उघडीप पडली. यंदा मे महिना संपता संपताच पावसानं धरलं होतं, पोर कोंडून कोंडून किरकिरं झालं होतं, म्हणून त्याला व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात घेऊन गेले. तिथं ती जुनी मोठमोठी झाडं, खाली ओलं हिरवं गवत, फिरायला आलेली माणसं. ओजूला कडेवरून खाली ठेवला तर त्यानं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. पुन्हा ठेवला तर किंचाळला. मला वाटलं काही चावलं. चावलं-बिवलं काही नव्हतं, पायाला गवत लागलं म्हणून तो घाबरला होता.

अडीच वर्षांचं पोर. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा पाळणाघर, मग घर, मग मोबाइल दाखवत चार घास. पाळणाघरातल्या मावशींनी जीव लावला, त्यांना मी बोल लावत नाही. पण दोन खोल्यांत आठ पोरं, त्या तरी कुठं नेणार? त्या रात्री ओजू झोपला आणि मी त्याचे तळपाय बघत बसले. लोण्यासारखे मऊ, कुठं एक ओरखडा नाही. बाबा, तुमच्या नातवाला गवताची भीती वाटते, हे मी तुम्हाला त्या वेळी सांगितलं नाही. सांगवलंच नाही.

आता पुढचं ऐका.

नवरात्रात दुर्गामाता दौड सुरू झाली तेव्हा मी एक आठवड्याची रजा टाकली होती. पहाटे दौड गल्लीतून गेली की ओजू जागा व्हायचा, भगवे फेटे बघून टाळ्या वाजवायचा, आणि त्याच तारेत मी त्याला बाहेर काढायची. पहिले दोन दिवस पायात मोजे. तिसऱ्या दिवशी मीच चप्पल काढून गवतात बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. दव पडलेलं होतं. गवताच्या पात्यांवर कोळ्यांची जाळी, त्यावर पाण्याचे थेंब. त्यानं बोट लावलं, थेंब पडला. परत बोट लावलं. अर्धा तास तेच चाललं होतं. मग लाजाळू सापडली. पान मिटलं तसा हळूच मला म्हणाला, "पान झोपलं." आणि त्याला उठवायला म्हणून आपणहून मांडीवरून उतरला.

उतरला, आई! अनवाणी!

आता त्याला आवरावं लागतं. शेपटी खालीवर करत चालणारा परीट पक्षी दिसला की हा त्याच्यामागे त्याच चालीनं पळतो. बाबा, हे परीट थंडीच्या तोंडावर लांबून येतात, असं तुम्ही मला बांधावर सांगितलं होतं. मीही त्याला सांगितलं, त्याला काय कळलं देव जाणे, पण रोज सकाळी विचारतो, "पलीट आला?" सध्या ऊन पडलं की डेपोत चतुर इतके उडत असतात की त्याला कुठं बघू नि कुठं नको असं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, राजहंसगडावर गेलो. प्रसादनं सुट्टी घेतली होती. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे चढ नाही, काळजी नको. वारा एवढा की टोपी दोनदा उडाली. 2023 साली महाराजांचा मोठा पुतळा उभारला, त्याच्यासमोर ओजूनं आपणहून हात जोडले. सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं. तटावरून खाली येळ्ळूरचं शिवार दिसत होतं, भात पोटरीतून बाहेर पडलेलं, हिरव्यात पिवळी छटा. वाऱ्याबरोबर बासमतीचा वास वरपर्यंत आला असं मला वाटलं, प्रसाद म्हणतो काहीतरीच. पण मला आला.

उचगावच्या बाजूला प्रसादच्या मित्राच्या रानात रताळी काढणं चालू होतं, तिथंही एक दिवस घालवला. काम करणाऱ्या बायकांनी ओजूला मध्ये बसवून घेतलं. माती उकरायची आणि लाल रताळं हाताला लागलं की ओरडायचं. कोपरापर्यंत माती, तोंडात माती. तोच फोटो मी पाठवला आणि आई, तू फोनवर एवढी चिडलीस. "कुठं फिरालीस गं पोराला घेऊन उन्हातान्हात!"

तर आई, शांतपणानं ऐक. ऑक्टोबरचं ऊन वाईट असतं हे मला कळतं. आम्ही सकाळी सात ते नऊ जातो आणि मग साडेचारनंतर. मधल्या वेळेत तो घरात, दीड-दोन तास गाढ झोपतो, जो आधी अर्धा तासही झोपत नव्हता. पाण्याची बाटली, टोपी, पातळ सुती कपडे, डास चावू नयेत म्हणून पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट. घरी आलं की कोमट पाण्यानं हातपाय साबण लावून धुते. डॉक्टरीणबाईंना विचारूनच हे चाललं आहे. त्या म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 सालीच सांगून ठेवलंय की एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करायला हवी, आणि दोन वर्षांच्या मुलाला मोबाइल-टीव्ही तासाभराच्या वर नको, कमी तेवढं बरं. तीन तास, आई! ओजूचा अर्धा तासही होत नव्हता. आता जेवताना मोबाइल मागत नाही. परवा आमटी-भाताची वाटी स्वतः चाटून पुसून ठेवली.

आणि मला तरी तू कुठं सावलीत ठेवलं होतंस? सुगीत खळ्यावर भाताच्या पिंजरावर वाकळ अंथरून मला झोपवायचीस, मळणी चालू असायची, मध्येच जाग आली की वर चांदणं आणि बाजूला तुझी पाठ. ती भाकरीच्या फडक्याची वाकळ ओजू अजून पांघरतो. एका कोपऱ्याला उसवली होती, मी टाके घातले आहेत, तुझ्यासारखे बारीक येत नाहीत. बाबा, सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळून मला असोग्याला न्यायचात, आठवतं ना? रामेश्वराच्या पायऱ्यांवर बसून मलप्रभेत पाय सोडायचे. मी विचारलं होतं, हे पाणी कुठून येतं, तर तुम्ही म्हणालात कणकुंबीहून, माउलीच्या देवळापासून, चालत चालत. मला किती वर्षं वाटायचं की नदीला पाय असतात. रविवारी एकच सुट्टी असायची तुम्हाला, आणि ती तुम्ही माझ्यावर घालवलीत. मला ओजूसाठी तेच हवं आहे. आता नाही केलं तर तो शाळेत जाईल आणि हे दिवस हातचे जातील.

पैशांचं सांगते. तुम्हाला महिन्याला येतात ते तसेच येतील, त्यात एका रुपयाचाही फरक नाही. प्रसादच्या पगारात घराचा हप्ता आणि खर्च भागतो, आम्ही दोघांनी तीन महिने वहीत लिहून बघितलं आहे. शिवाय शहापुरातल्या तीन दुकानांचे जीएसटीचे हिशेब मी घरून घेतले आहेत. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास थोडी धावपळ, बाकी ओजू झोपला की दुपारी होतं. शिकलेलं वाया गेलेलं नाही, बाबा. ओजू बालवाडीत रुळला की पुन्हा नोकरी बघेन. गॅसचं बुकिंग, लाइट बिल, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं पूर्वीसारखं माझ्याकडेच. आईला नवा गीझर घ्यायचा ठरला आहे तो ठरला आहे, त्यावर चर्चा नको.

आणि ह्यातलं सगळ्यात चांगलं शेवटी ठेवलं होतं. एवढ्या वर्षांत मी दिवाळीला येऊन तिसऱ्या दिवशी पळत होते. यंदा भाऊबीज झाली की 24 तारखेला मी आणि ओजू येतो, ते थेट सुगी उरकेपर्यंत. तीन आठवडे. गाडीनंच येणार, कारण दुसऱ्या रेल्वे गेटजवळ उभं राहून रोज गाडी बघायची हा त्याचा नेम आहे आणि आत बसायला तो आतुर झालाय. देसूर, इदलहोंड, खानापूर ही नावं पाठ करून ठेवली आहेत, इदलहोंड काही केल्या नीट येत नाही.

आता काही गोष्टी आम्ही यायच्या आधी झाल्या पाहिजेत.

परसातल्या आडाला लोखंडी जाळी बसवून घ्या, आणि तिला कुलूप. फळी ठेवली आहे, दगड ठेवला आहे, असलं काही मी ऐकणार नाही. तो आता कुठंही चढतो.

बाबा, पिंजराच्या गंजीवर तुम्ही चढायचं नाही. गडी लावा, पैसे मी देते. गुडघ्यांचं काय झालंय ते तुम्ही लपवता पण मला आईनं सांगितलं आहे, तिच्यावर रागावू नका. भात कापणीला गमबूट घातल्याशिवाय शिवारात उतरू नका. उंदरांमागं घोणस येते आणि पेंढीखाली बसते, तुम्हीच मला शिकवलंय. रात्री बॅटरीशिवाय गोठ्यात जाऊ नका. कुणाला काही चावलंच तर मंतरायला न नेता तडक सरकारी दवाखान्यात न्यायचं, विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं. अण्णांच्या वेळी जे झालं ते पुन्हा नको. आणि 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला बेळगावात जायचंच म्हणताय, तर अडवत नाही, तुम्ही कधी चुकवलं नाही ते मला माहीत आहे. पण फेरीत चालायचं नाही, सभेच्या जागी जाऊन बसायचं.

आई, डोळ्यात थेंब घालायचे म्हणजे वेळेवर घालायचे. चुलीपुढं बसायचं नाही, फराळ गॅसवर कर किंवा करूच नको, मी इथून आणते. ओजूसाठी काही वेगळं नको, भात, तूप, तुझी आमटी पुरे. शेंगदाणे अख्खे द्यायचे नाहीत, कूट करूनच. आणि बाबा, गोकाकहून करदंट मागवलाय असं कळलं. तो तुम्ही खा, पण ह्याच्या हातात देऊ नका, आतले काजू-बदाम त्याच्या घशात अडकतील. गोकाकचा धबधबा दाखवायला नेऊ म्हणालात, तेही यंदा नाही. कड्यावर त्याला धरून उभं राहायचं माझ्या छातीत नाही. त्यापेक्षा असोग्याला नेऊ. तुम्ही पायरीवर बसा, मी त्याला धरते, तो पाय सोडेल.

गल्लीतल्या पोरांनी किल्ल्यासाठी माती आणून टाकली आहे. ओजूकडं पाणी घालायचं काम आहे. काल अर्धा बुरूज त्यानं वाहून घालवला, पोरं रागावली नाहीत, पुन्हा बांधला. उद्या मोहरी पेरायची आहे. आत्ता हे लिहिताना तो बाजूला बसून हाताची माती ह्या कागदाला पुसतो आहे, खालच्या कोपऱ्यातला डाग त्याचा आहे.

बाबा, वाचून झालं की फोन करा. "बरं, ठेवतो" म्हणायच्या आधी दोन मिनिटं बोला. रागावला असाल तरी बोला.

24 तारखेला स्टेशनवर या. सायकल आणू नका, रिक्षानंच जाऊ. पण तो जुना टॉवेल असला तर तेवढा आणा.

तुमची,
ताई