हादग्याची गाणी वेळेवर पुरी झाली, त्याबद्दल एक आभारपत्र

रामबाग, इंदूर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

संगणकाच्या दुकानात सगळे तुम्हाला भैया म्हणतात आणि मी पहिल्या दिवसापासून दादा म्हणत आले, म्हणून इथेही तसेच लिहिते. नाव कुठे घालू नका असे तुम्ही बजावले आहे, तेव्हा ते लिहीत नाही. पत्र मात्र चारचौघांनी वाचावे अशा बेताने लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलेत ते घरी बसून व्हिडिओचे संपादन करणाऱ्या आणखी पुष्कळांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे, आणि आभार मानायचे तर ते नेमके कशाचे हे सांगून मानावेत असे मला वाटते.

2024 च्या मे महिन्यात मी सिल्व्हर मॉलमध्ये तुमच्यापुढे उभी राहिले तेव्हा माझ्या हातात दुसऱ्या एका दुकानाचे कोटेशन होते. त्यावर एकाच ग्राफिक कार्डाची किंमत सुमारे 60 हजार लिहिली होती आणि तेवढे पैसे मी बँकेतून काढूनही आणले होते. इंदूरच्या मराठी घरांतल्या वृद्ध बायकांकडून हादग्याची आणि भोंडल्याची गाणी म्हणवून घेऊन ती कॅमेऱ्यात उतरवण्याचे काम मी दोन वर्षे करत होते. पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा मांडायची, तिची माळवी गाणी म्हणायची, आणि ती उठली की पाठोपाठ पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा, असे दोन्हीकडचे बालपण ज्यांच्या वाट्याला आले त्या आजींपैकी बहुतेक जणी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. काही घरे मूळची खानदेशातली, तिथे भुलाबाईची गाणी निघाली. हे सगळे तासाभराच्या चित्रपटात बसवून कोजागिरीला, म्हणजे 16 ऑक्टोबरला, दाखवायचे असा शब्द मी त्या घरांना दिला होता, आणि संगणक तर दोन कॅमेऱ्यांची चित्रे एकाखाली एक ठेवली की जागचा हलत नव्हता. आवाज पुढे जायचा, चित्र मागे राहायचे. गाण्याच्या ठेक्यावर कट द्यायचा म्हटले तर टाळी नेमकी कुठे पडते तेच दिसत नव्हते.

पैसे पुढे केले असता ते घेण्याऐवजी तुम्ही मला विचारलेत, “काकू, नेमके अडकते कधी?” मला सांगता आले नाही. सगळेच हळू चालते, एवढेच मी म्हणाले. त्यावर तुम्ही कोटेशन घडी घालून मला परत दिलेत आणि दुकान बंद झाल्यावर रामबागेत घरी आलात.

त्या संध्याकाळी तुम्ही पाऊण तास कशालाही हात लावला नाहीत. तुम्ही नेहमी करता तसे काम करा, असे मला सांगून माझ्या मागे स्टुलावर बसून राहिलात. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती काम करतो ते दाखवणारी खिडकी, उघडून ठेवलात आणि टाइमलाइनवरची, म्हणजे संपादनातल्या चित्रांच्या पट्टीवरची, रेघ हळूहळू मागे ओढायला सांगितलीत. प्रोसेसरचा आलेख शंभर टक्क्यांवर जाऊन चिकटला, हार्ड डिस्क तिसाच्या आसपास खालीवर होत होती, आणि ग्राफिक कार्डाच्या खान्यात ‘व्हिडिओ डिकोड’ नावाची जी रेघ असते ती तळाशी सपाट पडून होती. “ही बघा,” तुम्ही म्हणालात, “कार्डाला या चित्राचे काही कळतच नाही. ते बसून आहे आणि बिचारा प्रोसेसर एकटा राबतोय.” ज्या कार्डाच्या जागी मी 60 हजारांचे दुसरे कार्ड बसवायला निघाले होते, ते कार्ड रिकामे बसले आहे हे मला माझ्या डोळ्यांनी दिसले, आणि माझ्या मते तुमचे सगळ्यात मोठे उपकार त्या पाऊण तासातले आहेत.

कारण तुम्ही सोप्या शब्दांत सांगितलेत. माझा नवा कॅमेरा एच.265 या, चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीने, 10 बिट आणि 4:2:2 मध्ये चित्रीकरण करतो. (4:2:2 मध्ये रंगाचा तपशील नेहमीच्या 4:2:0 पेक्षा जास्त साठतो.) ती निवड मी समजून केली होती. समईच्या उजेडात चेहरे आणि नऊवारीचे रंग टिपायचे होते, आणि 8 बिटांत प्रत्येक रंगाच्या 256 छटा मिळतात तर 10 बिटांत 1024, त्यामुळे मागच्या भिंतीवर उजेड उतरत जातो तिथे पट्टे दिसत नाहीत. मात्र या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते हे मला तुमच्याकडून कळले. मध्येच एखादी फ्रेम पूर्ण असते आणि तिच्यापुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढे लिहिलेले असते. तुम्ही व्यापाऱ्याच्या वहीचा दाखला दिलात, की पानाच्या डोक्यावर शिल्लक लिहिलेली असते, खाली नुसत्या जमाखर्चाच्या नोंदी, आणि मधल्या एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असेल तर वरपासून बेरीज करत यावे लागते. मी टाइमलाइनवर मागे ओढते तेव्हा प्रत्येक ठिकाणी संगणकाला ही बेरीज नव्याने करावी लागते, तीही दोन कॅमेऱ्यांची मिळून.

ही बेरीज करणारा वेगळा भाग ग्राफिक कार्डात असतो, पण एनव्हिडियाच्या 40 मालिकेपर्यंतच्या कार्डांत तो 4:2:0 चे चित्र उलगडतो आणि एच.265 चे 4:2:2 सोडून देतो. (ही सोय पुढे 2025 मध्ये 50 मालिकेच्या कार्डांत आली, माझी खरेदी व्हायची होती तेव्हा ती कार्डे बाजारात नव्हती.) याउलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जे अंगचे ग्राफिक्स असते, ज्याला आपण किरकोळ समजून विसरून जातो, ते हेच चित्र सहज उलगडते. माझा प्रोसेसर तर बाराव्या पिढीचा, मग अडले कुठे? तुम्ही खोक्यावरचे नाव वाचून दाखवलेत: आय5 12400एफ. शेवटच्या त्या ‘एफ’चा अर्थ, यात अंगचे ग्राफिक्स नाही. 2022 मध्ये ज्यांनी तो संगणक जुळवून दिला त्यांनी माझे थोडे पैसे वाचवले होते, आणि त्यांना मी आजही दोष देत नाही, कारण तेव्हाचा माझा कॅमेरा 8 बिट 4:2:0 चा होता आणि त्याचे काम कार्ड बिनबोभाट करत होते. कॅमेरा बदलला तेव्हा हा प्रश्न मी कोणाला विचारायला हवा होता.

इतके कळल्यावरही तुम्ही लगेच काही विकले नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. आधी आठ दिवस प्रॉक्सीवर काम करून पाहा, मग बोलू, असे सांगून तुम्ही मला प्रोरेस प्रॉक्सीच्या छोट्या प्रती करायला शिकवलेत. त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, त्यामुळे प्रोसेसरला बेरीज करत बसावे लागत नाही, आणि शेवटी एक्सपोर्ट करताना, म्हणजे पुरा चित्रपट बाहेर काढताना, सॉफ्टवेअर आपोआप मूळ चित्र घेते. ज्यांना आज खर्च झेपत नाही त्यांनी हा मार्ग आधी धरावा. एक रुपया न घालता माझे निम्मे दुखणे त्याने थांबले. उरलेले निम्मे म्हणजे प्रॉक्सी तयार होण्यात जाणारी रात्र, आणि रंग जुळवताना पुन्हा मूळ चित्राकडे जावे लागते ते. आठव्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मी हे असेच सांगितले, आणि तुम्ही म्हणालात, “आता खर्च करायला हरकत नाही.”

तो जून महिन्यातला दिवस मला लख्ख आठवतो, कारण दुपारपासून वादळी वारा सुटला होता आणि दिवे दोनदा गेले होते. तुम्ही आय5 13500 आणला होतात, मदरबोर्ड तोच राहणार होता, पण तेराव्या पिढीचा प्रोसेसर त्या बोर्डाला ओळखता यावा म्हणून बायोस, म्हणजे बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर, आधी नवे करावे लागणार होते, तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. तो काढल्यावर बोर्ड सुरूच झाला नसता. बायोस बदलत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, म्हणून तुम्ही पेनड्राइव्ह लावण्याआधी यूपीएसची बॅटरी तपासलीत, प्लग काढून दहा मिनिटे संगणक तिच्यावर चालवून पाहिलात. एवढ्याशा कामासाठी इतकी वाट पाहणारा माणूस मी बाजारात दुसरा पाहिलेला नाही. मग कॅबिनेट आडवे केलेत. मी मोबाइलचा दिवा धरून उभी होते. त्या चौकोनी खाचेत 1700 बारीक पिना सोन्याच्या पेरणीसारख्या चमकत होत्या, आणि तुम्ही प्रोसेसर दोन्ही कडांनी धरून, त्याच्या कोपऱ्यातला इवलासा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणासमोर आणून, जराही न दाबता खाली सोडलात.

आणि तरीही संगणक पहिल्यासारखाच अडखळला. माझे तोंड उतरलेले पाहून तुम्ही हसलात. बाहेरचे कार्ड लावलेले असले की बोर्ड अंगचे ग्राफिक्स स्वतःहून बंद ठेवतो, असे सांगून तुम्ही बायोसमध्ये जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ हा पर्याय चालू केलात, मग विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर घातलात, मग संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिकोडिंगच्या खाली इंटेलच्या नावापुढे खूण केलीत. हे तिन्ही झाल्यावर मी रेघ मागे ओढली. चित्र बोटासोबत आले. टास्क मॅनेजरमध्ये आता दोन ग्राफिक्स दिसत होती, त्यांतल्या इंटेलच्या खान्यातली ‘व्हिडिओ डिकोड’ची रेघ उठून उभी राहिली होती, आणि प्रोसेसर चाळिशीत होता. फेर धरलेल्या नऊ जणींच्या टाळ्या मी त्या रात्री पहिल्यांदा एकेक करून पाहिल्या. अनेकांनी हे प्रोसेसर घेतले असतील आणि हा पर्याय बंदच राहिला असेल, असे मला राहून राहून वाटते.

बाकीची कामे तुम्ही बोलता बोलता उरकलीत. रॅमची 16 जीबीची एकच पट्टी होती, तिच्या जोडीला तशीच दुसरी लावलीत. दोन पट्ट्यांनी जागा तर वाढलीच, शिवाय प्रोसेसरशी देवाणघेवाण दुहेरी रस्त्याने होऊ लागली. 2 टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घातलीत आणि चालू कामाचे चित्रीकरण व कॅश, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायली, तिच्यावर आणलेत, कारण हार्ड डिस्क सलग वाचताना बरी असली तरी चित्र, लहान प्रतिमा आणि आवाजाचे आलेख एकदम मागितले की तिचे डोके इकडून तिकडे पळत राहते. अंगणात नेऊन पंखा बोटाने अडवून धरून धूळ उडवलीत, आणि हवेच्या झोताने पंखा गरगर फिरू देऊ नये हेही सांगितलेत. प्रोसेसरची उष्णता त्याच्यावरच्या पंख्याकडे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावलीत. पूर्वी एक्सपोर्ट करताना तापमान शंभर अंशांच्या घरात जाऊन प्रोसेसर स्वतःच वेग कमी करत असे, हे मला माहीतच नव्हते. मी त्याला वयाचा परिणाम समजत होते.

सगळा खर्च, जुन्या प्रोसेसरचे आलेले पैसे वजा जाता, 30 हजारांच्या आसपास झाला. ज्या तासाभराच्या एक्सपोर्टला आधी अख्खी रात्र जात असे तो आता स्वयंपाक होईपर्यंत पुरा होतो. हाती राहिलेल्या पैशांतून, तुमच्याच आग्रहावरून, मी आणखी एक हार्ड डिस्क घेतली. सगळ्या मुलाखतींची एक प्रत एसएसडीवर, एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक उज्जैनला बहिणीच्या कपाटात, अशी ती आता आहे. “संगणक पुन्हा घेता येईल काकू, ही गाणी पुन्हा कोण म्हणणार?” हे तुमचे वाक्य मी त्या डिस्कवर चिठ्ठी करून चिकटवले आहे. गाणी म्हणणाऱ्यांपैकी दोन आजी त्यानंतर गेल्या.

कोजागिरीला चित्रपट दाखवला. तुम्ही दुकानामुळे उशिरा आलात आणि दाराशीच उभे राहिलात, म्हणून तुम्हाला पुढच्या रांगेतले दिसले नसेल. सगळ्यात वयस्कर आजी, ज्यांना गाण्याचे चौथे कडवे मुलाखतीच्या दिवशी आठवत नव्हते, त्यांनी पडद्यावर दुसऱ्या घरच्या आजींच्या तोंडून ते ऐकले आणि तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या टाळी धरून म्हणायला लागल्या. ती गाणी एकमेकांत गुंफणे म्हणजे चार घरांची चित्रे एका वेळी टाइमलाइनवर ठेवून स्वर जुळवत बसणे होते, आणि मे महिन्यातल्या संगणकावर मी ते दृश्य सोडून दिले असते. ते दृश्य तुमच्यामुळे आहे, दादा, हे मला सर्वांसमक्ष सांगायचे होते.

येण्याजाण्याचे आणि मेहनतीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, बिलात फक्त सामानाच्या रकमा आहेत. ते मला अजून बोचते. त्या वादळी रात्री स्क्रू आवळता आवळता तुम्ही म्हणाला होतात, की तुमच्या आईंना हादग्याची तीन गाणी येतात आणि त्यांतले एक त्यांच्या सासूबाईंनी शिकवलेले, दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही. त्यांची हरकत नसेल तर येत्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी कॅमेरा घेऊन येते. समई मी आणीन. खिरापत काय करायची ते आईंनाच ठरवू द्या, आणि मला आधी सांगू नका.

आपली कृतज्ञ,
रामबागेतली काकू