बांगलादेशचा दाखला बलुचिस्तानला लागू पडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची हत्या झाल्यापासून एक मत आपल्या नागपुरातही वारंवार कानावर येते. पाकिस्तान काश्मीरमध्ये जे करतो तेच आपण बलुचिस्तानात करावे, तेथील फुटीरतावाद्यांना पैसा आणि शस्त्रे द्यावीत आणि १९७१ची पुनरावृत्ती घडवावी, असे ते मत आहे. ते मांडणाऱ्यांचा संताप मला समजतो, किंबहुना तो माझाही आहे. तरीही शेजारी कितीही वैरी असला, तरी त्याच्या देशातील फुटीर चळवळीला आपण चोरून शस्त्रे पुरवू नयेत, असे मला ठामपणे वाटते.

या चर्चेत १९७१चा दाखला हटकून दिला जातो, म्हणून त्या वर्षी नेमके काय घडले ते आठवणे आवश्यक आहे. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या होत्या, म्हणजे संपूर्ण पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत तिला स्पष्ट बहुमत मिळाले होते. ज्यांना सत्ता मिळायला हवी होती त्यांच्यावरच २५ मार्च १९७१च्या रात्री लष्कर सोडण्यात आले आणि पुढील काही महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला आपण प्रशिक्षण दिले आणि ते जाहीर करून दिले नाही, हे खरे आहे. परंतु आपली बाजू कोणती, हे संसदेने ३१ मार्चलाच ठराव करून जगाला सांगितले होते. ६ डिसेंबरला बांगलादेशला उघडपणे मान्यता देण्यात आली आणि मार्च १९७२ पर्यंत आपले सैन्य परतही आले. निवडणुकीचा निःसंदिग्ध कौल, नरसंहार, आपल्याच भूमीवर आलेला निर्वासितांचा लोंढा आणि संसदेची जाहीर भूमिका या चारही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून तो निर्णय न्याय्य ठरला. त्यांपैकी एकही गोष्ट नसताना केवळ शत्रूचे तुकडे व्हावेत या इच्छेने तोच मार्ग धरणे, हे १९७१चे अनुकरण नव्हे.

त्याचे खरे साम्य श्रीलंकेतील आपल्या अनुभवाशी आहे आणि त्याविषयी आपण फारच कमी बोलतो. जुलै १९८३ मध्ये तेथील तमिळ जनतेवर भीषण अत्याचार झाले, हे निर्विवाद आहे. पण त्यानंतर आपण तमिळ बंडखोर गटांना आपल्या भूमीवर गुप्तपणे प्रशिक्षण आणि शस्त्रे दिली. त्या गटांपैकी लिट्टेने इतर तमिळ संघटनांचे नेते आणि कार्यकर्ते वेचून मारले आणि जुलै १९८७च्या भारत–श्रीलंका करारानंतर काही आठवड्यांतच आपल्या शांतिसेनेवरही बंदुका रोखल्या. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली तेव्हा अकराशेहून अधिक जवान कामी आले होते, आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. ज्या तमिळांसाठी हे सारे केले, त्यांच्या वाट्याला २००९ पर्यंत युद्धच आले.

नागपूरकरांना या दोन्ही मोहिमा दूरच्या वाटू नयेत. ज्यांचे रेजिमेंटल सेंटर आज आपल्या कामठीला आहे, त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे लान्स नाईक अल्बर्ट एक्का डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडले. विदर्भातील अनेक घरांशी जिचे नाते आहे त्या महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत वीरमरण आले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले आणि दोघांचे शौर्य तोलामोलाचे आहे. परंतु मेजर परमेश्वरन ज्यांच्याशी लढताना पडले त्यांना एकेकाळी आपणच शिकवून तयार केले होते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता बलुचिस्तान. तेथील जनतेची गाऱ्हाणी खरी आहेत. १९५० च्या दशकात सुई येथे सापडलेल्या नैसर्गिक वायूचा लाभ त्या प्रांताला फारसा मिळाला नाही, आणि घरातून उचलून नेलेल्या माणसांचा ठावठिकाणा विचारत त्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षे फिरत आहेत. २०२३च्या अखेरीस मानवी हक्क कार्यकर्त्या डॉ. महरंग बलुच यांच्या नेतृत्वाखाली महिलांनी इस्लामाबादपर्यंत मोर्चा नेला. मार्च २०२५ मध्ये डॉ. महरंग यांना अटक झाली. अशा शांततामय आंदोलकांना चिरडण्यासाठी पाकिस्तानी लष्कराला ‘हे भारताचे हस्तक आहेत’ एवढा आरोप पुरतो, आणि आपण खरोखरच शस्त्रे पाठवली तर तो आरोप सिद्ध करणारा पुरावाही त्याच्या हाती पडेल. दुसरीकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये मुसाखेल जिल्ह्यात सशस्त्र गटाने बसमधील प्रवाशांना उतरवून, त्यांची ओळखपत्रे तपासून वीसहून अधिक जणांना ठार केले. नावगाव विचारून माणसे मारणाऱ्यांना पहलगामचे दुःख भोगलेल्या देशाने मदत कशी करावी? शिवाय बलुच लोक इराणमध्येही राहतात, म्हणजे ही आग तिकडेही पसरू शकते. ज्या चाबहार बंदरासाठी आपण २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला, ते इराणच्या सीस्तान-बलुचेस्तान प्रांतातच आहे.

अशी मदत मदत घेणाऱ्यांनाही क्वचितच तारते. इराणच्या शहाने इराकमधील कुर्दांना बळ दिले आणि मार्च १९७५ मध्ये अल्जीयर्स येथे इराकशी सीमेचा सौदा जमताच त्यांना वाऱ्यावर सोडले. काही आठवड्यांत कुर्दांचा उठाव कोसळला.

आपल्या स्वतःच्या हिताचाही विचार करावा लागेल. नागा आणि मिझो बंडखोरांना एकेकाळी पूर्व पाकिस्तानातून व चीनमधून मदत मिळत होती, तेव्हा आपण तिला आक्रमणच म्हटले. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना, स्वयंनिर्णयाचा हक्क सार्वभौम देशातील एखाद्या गटाला लागू होत नाही, असे निवेदन भारताने लेखी जोडले आहे. भूतानने डिसेंबर २००३ मध्ये स्वतःचे सैन्य पाठवून आसाममधील फुटीर संघटना उल्फाचे तळ उद्ध्वस्त केले, बांगलादेशने २०१५ मध्ये उल्फाचे नेते अनुप चेतिया यांना आपल्या स्वाधीन केले. आमच्या बंडखोरांना थारा देऊ नका, असा आग्रह शेजाऱ्यांकडे धरताना आपले स्वतःचे वर्तन त्याच्याशी सुसंगत असावे लागते.

याचा अर्थ आपण गप्प बसावे असा नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे; अत्याचार सोसून आलेल्यांना आश्रय देणे, त्यांच्या मुलांना शिकवणे, त्यांची कैफियत संयुक्त राष्ट्रांत मांडणे हे सर्व उघडपणे करता येते आणि करायलाच हवे. दहशतवादी तळांवर देशाने जाहीरपणे कारवाई करणे हा तर वेगळाच विषय आहे. तेथे सरकार जबाबदारी घेते आणि देशाला हिशेब देते.

हा हिशेब गुप्त कारवायांच्या बाबतीत कोणी मागायचा? १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉ’ या आपल्या परदेशी गुप्तचर संस्थेला आजही संसदेच्या कायद्याचा आधार नाही आणि तिच्या कामावर संसदेची देखरेख नाही. अशी देखरेख आणणारे खासगी विधेयक २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी मांडले होते, ते पुढे सरकले नाही. नागपूरच्या आणि विदर्भातील अन्य खासदारांनी, पक्ष कोणताही असो, तसे विधेयक संसदेच्या येत्या अधिवेशनात पुन्हा मांडावे आणि दुसऱ्या देशातील सशस्त्र गटाला मदत देण्याचा कोणताही प्रस्ताव संसदेच्या एका छोट्या, गोपनीयतेची शपथ घेतलेल्या समितीपुढे ठेवणे त्यात बंधनकारक करावे, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत त्यांना विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक
धरमपेठ, नागपूर