ऐंशी आणि वीस वेगळे छापा

महोदय,

दहावीचा निकाल लागला की आपल्यासह सगळ्याच दैनिकांत टक्क्यांचे मथळे झळकतात. त्या टक्क्यांच्या पोटात काय असते, ते मी आतून पाहिले आहे. माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात आणि बोर्डाचे पेपर तपासण्यातच माझी नोकरी संपली.

२०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे २० गुण (लेखी पेपर ८० चा, उरलेले २० शाळेने द्यायचे) काढून घेतले, त्यात अभ्यासक्रमही नवा, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली. गुण परत दिले गेले आणि २०२० चा निकाल थेट ९५.३० टक्के! (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण मिळाले हे खरे, पण एका पेपराने एवढी उडी बसते, हे माझ्या गणितात बसत नाही.)

हे वीस गुण कसे दिले जातात हे सांगायला मला कोणाकडे बोट दाखवायला नको. गणितातही ते असतात आणि मीही ते दिले आहेत. वही अर्धी कोरी असली तरी दिले आहेत. मुख्याध्यापक एवढेच म्हणायचे, "सर, पोराचं नुकसान नको." दुसऱ्या शाळा १९ देणार असतील तर आपण १२ देऊन आपल्याच मुलांना का मागे ठेवायचे? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शाळेकडून १८ मिळालेल्या मुलाला ८० गुणांच्या लेखी पेपरात १७ पडले की ३५ होतात. मूल पास.

नववीच्या वर्गात एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिणारी मुले मला दरवर्षी भेटत. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. त्यांना 'ढ' म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण ही चूक प्राथमिकमधली, आणि तेव्हा तिच्यापाशी कोणी थांबले नाही. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करू नका म्हटले, ते मला आजही चूक वाटत नाही. मात्र त्याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही होते, म्हणजे मुलाला काय येते ते वर्षभर तपासत राहणे. त्याचे काय झाले? वर्णनात्मक नोंदी तयार मिळू लागल्या, नुसत्या उतरवायच्या. 'गणिती क्रिया आवडीने करतो' ही नोंद ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी वाचली, त्याला हातचा घेऊन वजाबाकी येत नव्हती. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आल्या आहेत. बघू.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवरही अकरावीला जाऊ द्यावे, फक्त गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा, असा पर्याय आला तेव्हा माझे जुने सहकारी खवळले. मला मात्र त्यात निदान एक प्रामाणिकपणा दिसला. मूल गणितात कच्चे आहे, पुढे गणित-विज्ञान घेऊ नये, हे कागदावर लिहिलेले तरी असते. आजच्या ३५ मध्ये तेच मूल असते, फक्त झाकलेले.

म्हणून मागणी एकच आहे. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) दहावीच्या गुणपत्रिकेत लेखी आणि अंतर्गत गुणांचे रकाने वेगळे असतात. आपल्या मंडळानेही ऐंशीपैकी किती आणि वीसपैकी किती, हे वेगळे छापावे. त्यासाठी ना नवे धोरण लागते, ना समिती. ज्या आईबापांनी स्वतः दहावी पाहिली नाही, त्यांनाही १७ आणि १८ हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की काय ते कळेल. मग 'नुकसान नको' म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर तेच येऊन बसतील, गुणपत्रिका हातात घेऊन.

– एक निवृत्त गणित शिक्षक