उचलीच्या पैशासाठी तुरुंग नको : गिरमिटियांचा इतिहास ऊसपट्ट्याने वाचावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाळप हंगाम तोंडावर आला की मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन ऊसतोडीची टोळी पाठवली नाही, वाहतूकदाराची लाखो रुपयांची फसवणूक झाली, गुन्हा दाखल झाला, अशा बातम्या सोलापूर जिल्ह्याच्या पानावर दरवर्षी येऊ लागतात. माढा, पंढरपूर, माळशिरस, मोहोळ भागात कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या तरुण शेतकऱ्याचे यात खरोखर वाटोळे होते आणि त्याला दाद मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु मुकादमांबरोबरच उचल घेऊन फडावर न येणाऱ्या मजुरांनाही थेट तुरुंगात टाकणारा कायदा हवा, असे जे आता गाडीमालकांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येते, त्याने इतिहासाचा अभ्यासक म्हणून मी अस्वस्थ झालो आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

असा कायदा या देशात होऊन गेला आहे. 1859 च्या कामगार करारभंग कायद्यानुसार, आगाऊ रक्कम घेऊन काम टाळणाऱ्या मजुराला न्यायाधीश रक्कम परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम देत असे, आणि तो पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होई. मजुरी थकवणाऱ्या मालकाला मात्र त्या कायद्यात शिक्षा नव्हती. आसामच्या चहामळ्यांत या कायद्याचा भरपूर वापर झाला आणि तो रद्द व्हायला 1925 साल उजाडावे लागले.

हा विचार मुळात मळ्यांच्या अर्थव्यवस्थेतला आहे. ब्रिटिश पार्लमेंटने 1833 मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, तेव्हा नुकसानभरपाई म्हणून 2 कोटी पौंड मंजूर झाले. ते सगळे गुलामांच्या मालकांना मिळाले आणि ज्यांच्या पिढ्या उसाच्या मळ्यांत संपल्या त्यांच्या हातावर एक पैसाही पडला नाही. मॉरिशसमध्ये हा कायदा 1 फेब्रुवारी 1835 पासून अमलात आला, परंतु मळेवाल्यांनी त्याची वाट पाहिली नव्हती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने कलकत्त्याहून नेलेले 36 करारबद्ध मजूर, म्हणजेच गिरमिटिया, मॉरिशसमधील पोर्ट लुईच्या बंदरात उतरले होते. पुढे त्या एका बेटावर सुमारे साडेचार लाख भारतीय गेले. मुंबईहूनही जहाजे सुटली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची मराठी माणसे त्यांतून गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात, याचे आपण कौतुकाने फोटो छापतो. त्यांचे पूर्वज तेथे कोणत्या अटींवर राबले, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकले जाते.

त्या अटी मुळातून पाहिल्या पाहिजेत. करार बहुधा पाच वर्षांचा आणि मजुरी महिना पाच रुपयांच्या आसपास होती. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मॉरिशसच्या 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही स्वतःचा फोटो चिकटवलेला परवाना अंगावर बाळगावा लागे आणि तो जवळ सापडला नाही तर पोलीस त्याला भटक्या ठरवून पकडून नेत. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या वसाहतीत करार संपल्यावर जो पुन्हा करारात अडकत नाही आणि मायदेशीही परतत नाही, त्याच्यावर 1895 च्या कायद्याने वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला गेला. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग मिळवणाऱ्या मजुराची ती सहा महिन्यांची कमाई होती.

गिरमिटिया आणि गुलाम एकच होते, असे मी म्हणत नाही. गिरमिटियाची विक्री होत नसे, त्याची मुले जन्मतः कोणाच्या मालकीची होत नसत आणि त्याच्या कराराला शेवट होता. आफ्रिकेतून साखळदंडांत नेलेल्यांच्या यातनांवर पांघरूण पडेल अशी तुलना आपण करू नये. तरीही कामाची साधी कसूर फौजदारी गुन्हा ठरली की स्वतंत्र म्हणवणारा माणूस किती बांधला जातो, हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ओळखले होते. नाताळ वसाहतीला मजूर पाठवणे थांबवण्याचा त्यांचा ठराव व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात 1910 मध्ये मान्य झाला. 4 मार्च 1912 रोजी ही पद्धतच संपवण्याचा ठराव त्यांनी मांडला, तेव्हा फसवणुकीवर उभी आणि बळजबरीवर टिकलेली व्यवस्था असे तिचे वर्णन केले. निघण्यापूर्वी मजुराला या शिक्षांची कल्पनाही दिली जात नाही, हा त्यांचा एक आक्षेप होता. सरकारी बहुमताने तो ठराव फेटाळला. भरती थांबली ती 1917 मध्ये, गोखले गेल्यानंतर दोन वर्षांनी.

आता आपल्या फडाकडे यावे. उचलीचा करार नोटरीपुढे होतो तो बहुधा वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात. ज्या नवरा-बायकोला एक कोयता म्हणून मोजले जाते त्यांची त्यावर सही नसते आणि प्रतही त्यांना मिळत नाही. मुकादमाने लाखाची उचल घेतली, त्यातली कोयत्याच्या हाती किती आली, हिशेबात किती लिहिली गेली आणि हंगाम संपताना किती ‘फिटली’, हे मुकादमाच्या वहीलाच ठाऊक. एक खाडा म्हणजे गैरहजेरी झाली की दंड उचलीत चढतो. त्या धाकाने बाया दुखणे अंगावर काढतात, पहाटे अंधारात पाचट तुडवत फडात शिरतात आणि रात्री गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या साऱ्यात फसवणूक कोणाची होते, हा प्रश्न बातमीत विचारलाच जात नाही.

आगाऊ रकमेपोटी माणसाचे काम निवडण्याचे किंवा कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले तर ती वेठबिगारी होय, असे 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा सांगतो. हा कायदा अमलात असताना मजुरासाठी नवा तुरुंग मागणे म्हणजे 1859 कडे परत जाणे आहे. लबाड मुकादमावर जरूर खटला भरावा, त्यासाठी आजचे कायदे पुरेसे आहेत. वाहतूकदाराचे संकट दूर करायचे असेल तर ज्या कारखान्याच्या गव्हाणीत हा ऊस पडतो त्याने जबाबदारी घ्यावी. उचल मजुराच्या, आणि त्यातही बाईच्या स्वतंत्र बँक खात्यात जमा करावी, कराराची मराठी प्रत प्रत्येक कोयत्याला द्यावी आणि खाड्याचा दंड बंद करावा. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या हंगामापूर्वी कारखाने, वाहतूकदार आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांची एकत्र बैठक बोलावून एवढी तीन कामे मार्गी लावावीत, अशी माझी मागणी आहे.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, सोलापूर