कांडी फळ्यावर वितळत नाही

महोदय,

पशुसंवर्धन पदविका घेतलेला एक होतकरू मुलगा परवा आमच्या गोठ्यावर कृत्रिम रेतनासाठी आला. लसींची नावे तोंडपाठ. पण खोड्यातल्या गाईने शेपूट झटकताच दोन पावले मागे! शिकताना प्रत्यक्ष हात किती वेळा घातला, असे विचारले तर नुसता हसला. दोष त्याचा नव्हे. द्रव नायट्रोजनमधली उणे १९६ अंशांची गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची म्हणजे तिचे रेतन करायचे, हे वर्गात कळते. गर्भाशयाचे मुख मात्र बोटांनाच सापडते. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की आमचे २१ दिवस वाया (वैरण काही थांबत नाही). १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पदविकाधारकांनी किरकोळ उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करायचे असतात. मग शिकतानाच त्यांना सलग सहा महिने तालुक्याच्या दवाखान्यात, डॉक्टर आणि व्रणोपचारकाच्या (जखमांची मलमपट्टी करणाऱ्या मदतनिसाच्या) हाताखाली का ठेवू नये? आमच्याकडच्या जुन्या व्रणोपचारकाला जनावराच्या कानांवरूनच कळायचे, लाथ कधी बसणार ते.

— एक दूध उत्पादक, संगमनेर